आत्याला ऐकू जाईल असं

कॉलेज रोडवर नॉर्थक्वे उघडलं तेव्हा पहिल्या आठवड्यात रांग पार रिक्षास्टँडपर्यंत गेली होती. नाशिककरांना त्या कॉफीचं अप्रूप होतं की तिच्या पांढऱ्या कपाचं, हे संपदाला शेवटपर्यंत कळलं नाही. लोक कप हातात धरून फोटो काढायचे, मग एक घोट घ्यायचे, तोंड कसनुसं करायचे आणि काउंटरपाशी येऊन हळूच साखर मागायचे.

संपदा त्या दुकानाची मॅनेजर. पंचवटीतल्या बाळाजी गुरुजींची मुलगी. गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं करायचे, आणि त्यांच्या घरात कॉफी म्हणजे दुधातली, जायफळ उगाळून घातलेली, तीही कुणी पाहुणा आला तर. संपदा जे विकते त्याला ते ‘काढा’ म्हणायचे. पण मुलगी जगभर दुकानं असलेल्या कंपनीचं नाशिकचं दुकान एकटी सांभाळते, हे रामकुंडावर चार लोकांना सांगताना त्यांचा आवाज चढायचा. तिचं स्वतःचं लग्न दोनतीनदा जमता जमता राहिलं होतं. पस्तिशी जवळ आल्यावर घरात तो विषय कुणी काढेनासं झालं, आणि तिलाही ते बरं वाटू लागलं.

फोटोंचा भर ओसरल्यावर दुकान तरलं ते कंपनीच्या कुठल्याच आराखड्यात नसलेल्या एका गोष्टीमुळे. मुली बघण्याचा कार्यक्रम घरातून उठून कॉफीच्या दुकानात आला. मुलीच्या घरी जायचं, पोहे खायचे, गाडीत बसून नावं ठेवायची आणि आठवड्यानं नकार कळवायचा, याचा दोन्ही बाजूंना कंटाळा आला होता. त्यापेक्षा मुलामुलीनं बाहेर भेटावं, बोलावं. पटलं तर घरच्यांनी पुढं बसावं. शहरातली माणसं हे आधीपासून करत होती, आता निफाड, दिंडोरी, सिन्नरकडचीही करू लागली. अर्थात दोघं म्हणजे नुसती दोघं नव्हेत. मुलीचा भाऊ समोर मिसळीच्या दुकानात पाय हलवत बसायचा. मुलाची मावशी नाहीतर आत्या दोन टेबलं सोडून, एका कोल्ड कॉफीवर तासभर काढत, कान इकडं लावून.

खिडकीजवळच्या टेबलाला दुकानातली मुलं ‘स्थळाचं टेबल’ म्हणायची. कप ग्राहकानं स्वतः उचलून न्यायचा, हा नॉर्थक्वेचा नियम. पण त्या टेबलाला संपदा स्वतः नेऊन द्यायची. कारण मुलगी आणायला उठली तर आत्या म्हणणार आगाऊ आहे, आणि नाही उठली तर म्हणणार आळशी आहे. यातून संपदा स्वतः गेली होती. दुसरं कुणी जाऊ नये एवढं तिच्या हातात होतं.

त्या रविवारी त्या टेबलावर रुद्र आणि सृष्टी बसले होते. त्यांची नावगावं संपदाला मागाहून कळली. रुद्र उंच, उन्हानं रापलेला, नवाकोरा पांढरा शर्ट घातलेला. निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग. सृष्टीही त्याच तालुक्यातली, पण सातपूरच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये नोकरीला आणि नाशिकात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. दोघंही सुरुवातीला कपाकडं बघत बोलत होती. संपदा शेजारचं टेबल पुसत असताना मुलगा एकदम म्हणाला, “एक विचारू? रागवणार नाही ना?”

“विचारा की.”

“तुम्ही मला नाही म्हणाल का?”

संपदाचा हात थांबला. तिथून निघून जायला हवं होतं, पण ती फडकं फिरवत राहिली.

सृष्टी म्हणाली, “म्हणजे? अजून तर काही बोललोच नाही आपण.”

“तुमच्यात काही खोट नाही हो.” तो आवाज खाली आणून सांगू लागला. पिंपळगावला एक मुलगी होती. चार वर्षं दोघांचं जमलेलं होतं. जात वेगळी, घरी मान्य होणं शक्य नव्हतं. आलेली दोन स्थळं त्यानं काहीतरी कारण काढून नाकारली, तेव्हा वडिलांनी बोलणं टाकलं आणि आईनं जेवण. आता तिसऱ्याला नाही म्हणायची सोय उरली नव्हती. “तुमच्याकडून नकार आला तर मी सुटेन. तेवढ्या वेळात काहीतरी मार्ग काढतो.”

सृष्टीनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. “कारण काय सांगू?”

“शेतकरी नवरा नको म्हणा. आजकाल सगळ्याच म्हणतात. कुणाला नवल वाटायचं नाही.”

“अहो, माझे वडील स्वतः बाग लावतात. मी असं म्हणू?”

“तुमच्या घरी दुसरं काहीतरी सांगा. आमच्या घरी एवढं कळलं की बास.” मग त्यानं डोळ्यांनीच मागं खुणावलं. “मागं आत्या बसलीय. तिला ऐकू जाईल असं म्हणा, म्हणजे माझं कामच झालं.”

सृष्टीला हसू फुटलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये उभं राहावं तशी ती ताठ बसली, ओढणी नीट केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “हे बघा, मला शेतकरी नवरा नको. चिखल तुडवायला मी एवढी शिकले नाही. नोकरीवाला असेल तर बोला!”

दुकानातल्या माना वळल्या. आत्यांच्या तोंडातली नळी तशीच राहिली. रुद्रनं कपाळावर हात ठेवून मान खाली घातली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. जाताना दाराशी त्यानं सृष्टीला हात जोडले. “उपकार झाले तुमचे.” ती म्हणाली, “लग्नाला बोलवा मात्र.” ती स्कूटीवर बसून गेली. संपदाला दिवसभर मधूनच हसू येत होतं.

मंगळवारी सकाळी दुकानात काम करणाऱ्या आभानं मोबाइल तिच्यापुढं धरला. “ताई, हे आपलं टेबल ना?”

त्यांचंच होतं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी चित्रीकरण केलं होतं. फक्त ती तीन वाक्यं आणि त्यानंतर मान खाली घातलेला रुद्र. त्याच्यामागं सनईसारखं काहीतरी रडवं संगीत लावलं होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘बापाच्या घामावर शिकली, आता बापाचाच धंदा नको!’ कपाळावर हात ठेवलेला रुद्र हसतोय असं कुणी म्हटलं नसतं. तो रडतोयच असं वाटत होतं. आणि दोघांच्या मधोमध, देवापुढं ठेवावा तसा, नॉर्थक्वेचा पांढरा कप.

एवढ्या लोकांना एवढा राग येऊ शकतो, हे संपदाला ठाऊक नव्हतं. गावोगाव लग्नं न जमलेली पोरं होती. चांगली बागाईतदार, कष्टाळू पोरं, तिशी ओलांडूनही वाट बघत बसलेली. त्यांना आजवर नकार फोनवर, मध्यस्थाकडून, गोड शब्दांत मिळाले होते. त्या सगळ्या नकारांना आता एक चेहरा मिळाला. त्यांनी त्या चेहऱ्यावर जे जे लिहिलं ते संपदाला पुरं वाचवेना. संध्याकाळपर्यंत सृष्टीचं नाव, गाव, कंपनी, सगळं लोकांनी शोधून काढलं होतं.

दुकानाचा मात्र धंदा वाढला. पोरंपोरी मुद्दाम त्या टेबलावर बसून तीच वाक्यं म्हणून व्हिडिओ करू लागली. मुली ओढणी नीट करायच्या, मुलगे कपाळावर हात ठेवायचे. संपदानं टेबल तिथून हलवलं, तर पोरं दुसऱ्या टेबलावर बसू लागली.

शुक्रवारी दुपारी एक मुलगी आली. नाशिकात स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा चेहराभर स्कार्फ. पण आत येऊनही तिनं तो सोडला नाही. आवाजावरून संपदानं तिला ओळखलं आणि मागच्या सामानाच्या खोलीत नेऊन बसवलं. पाण्याचा ग्लास घेण्यापुरता सृष्टीनं स्कार्फ खाली केला.

“ताई, तुम्ही त्या दिवशी शेजारीच होतात. तुम्ही ऐकलंय सगळं.”

“हो.”

“मला फक्त एवढंच बघायचं होतं की कुणीतरी ऐकलंय. मलाच वाटायला लागलंय की मी खरंच तसं म्हणाले.”

कंपनीच्या बसमध्ये पोरं तिच्या मागच्या सीटवर बसून तो व्हिडिओ लावत होती. साहेबांनी बोलावून, काही दिवस सुट्टी घे, असं सांगितलं होतं. गावाकडं तिच्या वडिलांना पारावर कुणी बोलत नव्हतं.

“मी सांगते ना,” संपदा म्हणाली. “मी उभी राहून सांगते, हे सगळं ठरवून झालं.”

“का ठरवून झालं, ते विचारतील. मग पिंपळगावच्या मुलीचं नाव निघेल. तिच्या घरच्यांना पत्ताही नाहीये. माझ्यावर नुसता चिखल उडालाय ताई, तिला तर…” तिनं ग्लास खाली ठेवला. “रुद्रचा फोन आला होता. रडत होता. म्हणाला, चार दिवस थांबा, मी स्वतः सगळ्यांसमोर सांगतो. मी शब्द दिलाय. तुम्हीही द्या.”

संपदानं दिला. देताना तिला तो चार दिवसांपुरता वाटला होता.

शनिवारी मुंबईहून विहंगचा फोन आला. पश्चिमेकडच्या सगळ्या दुकानांचा प्रमुख. वयानं तिच्याहून लहान, बोलायला गोड. “संपदा, नाशिक छा गया! एवढी रीच आपण पैसे टाकूनही आणू शकलो नसतो.”

“सर, त्या मुलीला फार त्रास होतोय. कंपनीनं तक्रार केली तर व्हिडिओ निघेल. आपल्याच दुकानात, न विचारता काढलाय.”

“मी लीगलला टाकतो,” तो म्हणाला. “पण एक सांगू? निगेटिव्ह काही नाहीये त्यात आपल्याबद्दल.”

“आपल्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे सर. त्यात दोघं आधी हसताना दिसतात.”

“ते बाहेर द्यायचं नाही हं. अजिबात. ग्राहकांची प्रायव्हसी.”

रविवारी कंपनीच्या स्वतःच्या पानावर चित्र झळकलं: पांढरा कप, शेजारी द्राक्षांचा घड, आणि वर मराठीत वाक्य, ‘होकार असो वा नकार, पहिली भेट नॉर्थक्वेतच!’ शेवटी डोळा मारणारा पिवळा चेहरा. मुंबईत बसलेल्या कुणालातरी ते फार सुचलं असणार.

संपदानं विहंगला लागोपाठ फोन लावले. त्यानं संध्याकाळी उचलला. “ट्रेंडवर आहोत आपण, दोन दिवसांत लोक विसरतील. आणि पोस्ट मी नाही, सिंगापूरच्या टीमनं मंजूर केलीय.”

लोक विसरले नाहीत. इतके दिवस राग एका मुलीवर होता, आता त्याला पाटी असलेलं दुकान मिळालं. परदेशी कंपनी शेतकऱ्याच्या पोराची थट्टा करते, त्यावर कॉफी विकते. ‘चहा प्या, नॉर्थक्वे टाळा’ असं कुणीतरी लिहिलं आणि ते वणव्यासारखं पसरलं. गल्लोगल्ली निघालेल्या गुळाच्या चहाच्या दुकानांनी त्याचे फलकच लावले. नॉर्थक्वेत रांगा लावणारी तीच पोरं आता तिथं मातीचं कुल्हड हातात धरून फोटो काढू लागली.

त्याच आठवड्यात सावळीराम आले. सकाळची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. पांढरा सदरा, पायजमा, डोक्याला टोपी. हातात द्राक्षांची पेटी. दारात चपला काढू लागले तेव्हा आभा धावली, “असू द्या काका, असू द्या.”

“मॅनेजर कोण हायेत?”

संपदा पुढं झाली. त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली. “मी सृष्टीचा बाप. बागंतनं तोडून तसाच आलोय. घ्या, गोड हाय.”

संपदानं त्यांना बसवलं. काय घेणार विचारलं तर ‘काय बी नको’ म्हणाले. तरी तिनं भरपूर दुधाची, साखरेची कॉफी करून पुढं ठेवली. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून दिला.

“ताई, तेवढं काढून टाका ते. तुमच्या दुकानातलं हाय, तुम्हाला काढता येईल.”

“काका, ते आमच्या हातात नाही. ज्यानं टाकलं त्यानंच काढायला हवं, आणि आता ते हजार ठिकाणी गेलंय.”

“मग तुमच्या मोठ्या साहेबांना सांगा.”

“सांगितलंय.”

“कुठं बसतात ते?”

“मुंबईला. त्यांच्या वरचे सिंगापूरला. मालक त्याच्याही पलीकडं, कॅनडात.”

सावळीराम तेवढं अंतर मनात मोजू लागले. “म्हणजे सृष्टी कोण, हे तिथं कुणाला ठावंच नसंल.”

“नाही काका.”

“लोक म्हणत्यात शेतकऱ्याचा अपमान केला. आन मी कोण मंग? मी काय कलेक्टर हाय?” ते हसल्यासारखे झाले. “तीन वर्षांची व्हती, तवापासनं माझ्यासंगं बागंत. फवारणीला गेलो की बांधावर बसून राहायची. तिला मी म्हनलं व्हतं, तुला नोकरीवालाच बघतो, तर मलाच म्हनली, नाना, माणूस चांगला पाहिजे, बाकी काय बी करू दे.” त्यांनी मान वर केली. “तुम्ही व्हता ना तवा हितं? तुमी ऐकलं आसंल. खरंच आसं बोलली का ती? मला सांगत नाय. नुसती म्हनती, नाना, माझ्यावर इश्वास ठेवा.”

संपदाच्या जिभेच्या टोकाशी सगळं आलं. एका वाक्याचं काम होतं. समोरचा माणूस हलका होऊन घरी गेला असता. आणि घरी जाऊन गप्प बसला असता का? मुलीची अब्रू परत मिळत असताना कुठला बाप गप्प बसेल? दुसऱ्या दिवशी तो रुद्रच्या दारात उभा राहिला असता आणि तिसऱ्या दिवशी पिंपळगावात काय झालं असतं, हे तिला डोळ्यांपुढं दिसत होतं.

“बोलली काका,” ती म्हणाली. “पण तिच्या मनात तसं नव्हतं.”

“मनात नव्हतं तर बोलली कशाला?”

संपदानं कप त्यांच्याकडं सरकवला. उत्तर होतं, पण देता येत नव्हतं. सावळीरामांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. “बोलली म्हनता,” ते स्वतःशीच म्हणाले. आल्यापासून ते आशेवर होते, की कुणीतरी सांगेल, हा व्हिडिओच खोटा आहे. ती आशा संपदानं काढून घेतली होती. ते उठले, नमस्कार केला, आणि बाहेर सिंहस्थाच्या कामासाठी उकरलेल्या रस्त्याच्या कडेनं, सांभाळून पाय टाकत गेले. कॉफी तशीच राहिली होती.

त्या रात्री जेवताना तिनं वडिलांना विचारलं, “बाबा, तुमच्याकडं लोक काय काय बोलून जातात. ते तुम्ही कधी कुणाला सांगितलंय?”

“नाही,” बाळाजी गुरुजी म्हणाले. “कानावर पडलेलं तिथंच, पाण्यात सोडायचं. आमच्या आजोबांनी हेच शिकवलं.”

“आणि न सांगण्यानं कुणाचं वाटोळं होत असेल तर?”

गुरुजींचा हात ताटात थांबला. “ते मला कुणी शिकवलं नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संपदानं सृष्टीकडून रुद्रचा नंबर मागून घेतला. त्यानं पहिल्याच घंटेला फोन उचलला, जणू हातातच धरून बसला होता.

“रुद्र, मी कॉफीच्या दुकानातली. मी सगळं ऐकलंय. तुम्ही चार दिवस म्हणाला होतात.”

“ताई, मला झोप येत नाही हो. मी सांगणारच होतो.” मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, तो लांब गेला तशी त्याची घरघर कमी झाली. “पण माझ्या चुलत्यांनी आता गावोगाव मोठा विषय केलाय. दहा गावांतनं लोक येऊन मला धीर देऊन जातायत. आता कुठल्या तोंडानं सांगू की मी हसत होतो?”

“दुसऱ्या मुलीचं नाव घेऊ नका. एवढंच सांगा, की नकार मीच द्यायला लावला.”

“का लावला, विचारतील की. आईनं तर शपथ घातलीय…” तो रडायलाच लागला. मोठा, बागेत राबणारा, सहा फुटी मुलगा हुंदके देत होता. संपदाला त्याचा संताप येत होता, आणि कीवही. “दोन दिवस द्या ताई. फक्त दोन दिवस.” त्यानंतर तिनं लावला तेव्हा तो नंबर लागला नाही. पुन्हा कधीच लागला नाही.

सोमवारी मोर्चा आला. मोर्चा म्हणजे शंभरेक पोरं. त्यांनी दगड मारला नाही की शिवी दिली नाही. दुकानासमोर चहाचं मोठं पातेलं मांडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा वाटला. संपदा बाहेर गेली तेव्हा त्यांतल्या एकानं तिलाही कप दिला. “घ्या ताई. तुमच्यावर राग नाय आमचा. तुम्ही नोकरदार माणसं.” त्याचे हात बागेवर फवारायच्या मोरचुदाच्या निळसर डागांनी भरलेले होते. “माझं वय छत्तीस हाय ताई,” तो म्हणाला, जणू तिनं विचारलंच होतं. “सात एकर हाय, दारूला शिवत नाय. मला एक बी मुलगी बघायला सुद्धा आली नाय.”

संपदानं चहा घेतला. त्याच्याशी भांडण करायला ती आली होती, पण भांडण उरलंच नव्हतं. जाताजाता कुणीतरी पाटीवर काळं फासलं आणि त्याचाही व्हिडिओ झाला.

कंपनीनं माफी मागितली. इंग्रजीतली बरी होती. मराठी वाचून लोक आणखी हसले: ‘आम्ही सर्व संस्कृतींचा आणि त्यांच्या कॉफी क्षणांचा आदर बाळगतो.’ मग महिनाभरानं विहंग स्वतः आला. पाटी पुसून घेतली होती, तरी कडेला काळ्याची छटा राहिली होती. तो ती निरखत म्हणाला, “संपदा, जगभरच ट्रेंड बदलतोय. लोकांना आता बसायचं नाहीये. ऑर्डर फोनवर, कप हातात, पुढं चला. बसायच्या जागेचा खर्च कंपनीला सगळीकडंच कमी करायचाय.”

“नाशिकला हे त्या व्हिडिओमुळे ना?”

“व्हिडिओ नसता तरी झालं असतं. पुढच्या वर्षी झालं असतं.” तो हे खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. एवढं सगळं होऊनही कंपनीच्या लेखी काही झालंच नव्हतं.

जूनमध्ये कॉलेज रोडचं दुकान बंद झालं. टेबलं, खुर्च्या टेम्पोत भरून गेल्या. आभा आणि दोघं पुण्याला गेली, बाकीच्यांना दुसरीकडं काम शोधावं लागलं. संपदाला नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळ, एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर नवीन खिडकी मिळाली. तिथं ग्राहक दिसत नसत. पडद्यावर नाव यायचं, ती कप भरून कट्ट्यावर ठेवायची, हेल्मेट घातलेला कुणीतरी तो उचलून न्यायचा. महामार्गावरच्या गाड्यांच्या आवाजात बोलणं कुणाचं कुणाला ऐकूही येत नसे.

तिथंच एकदा, काम नव्हतं तेव्हा मोबाइलवर तिला रुद्र दिसला. फेटा बांधलेला, घोड्यावर. सिन्नरकडची मुलगी, कॉलेजात शिकवणारी. ‘शेतकऱ्याला नाकारणाऱ्यांना उत्तर’ असं वर लिहिलं होतं, आणि खाली अभिनंदनाचा पाऊस. रुद्र कॅमेऱ्याकडं बघून हसत होता. त्याचं हसू कसं असतं हे संपदानं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. नवरी मात्र खुशीत होती. पिंपळगावच्या मुलीचं काय झालं, ते विचारायला संपदाजवळ कुणी नव्हतं, आणि तिचं तर नावही तिला माहीत नव्हतं.

म्हणजे आता ते सांगण्याचा शेवटचा रस्ताही बुजला. आता सांगायचं तर त्या खुशीत असलेल्या नवरीला सांगितल्यासारखं होतं.

दिवाळीच्या आधी सावळीरामांचा फोन आला. बागेची छाटणी उरकून नाशिकला आले होते, आणि कॉलेज रोडवर गेले तर दुकान नव्हतं. तिथं आता मोबाइलचं शोरूम झालं होतं. समोरच्या मिसळवाल्याकडून त्यांनी नंबर घेतला होता.

“ताई, दुकान आमच्यामुळं बंद पडलं का?”

“नाही हो काका. कंपनीचं आधीच ठरलं होतं.”

“नाय, मला वाटलं, आमच्या पोरीपायी तुमच्या पोटावर पाय आला. म्हनलं माफी तरी मागावी.”

“काका, माफी कसली मागता!” तिचा आवाज नको तेवढा मोठा झाला. खिडकीबाहेरचा हेल्मेटवाला वळून बघू लागला. तिनं त्याचा कप पुढं सरकवला. “सृष्टी कशी आहे?”

“हैदराबादला हाय. तिकडं लागली कंपनीत. तिकडं कुणी वळखत नाय, म्हनती, बरं हाय. मराठीच कुणाला येत नाय.” ते सांगत राहिले. “फोन करती रोज. पण गावाला ये म्हनलं की गप होती. मी बी जास्त म्हनत नाय. आता तिच्या आईला बी वाटतंय की पोरगी बोलली आसंल खरंच, शिकल्यावर बदलत्यात पोरी. मी म्हनतो, बदलू दे. आपलीच हाय.”

संपदानं डोळे मिटून घेतले.

“काका, ती बदललेली नाही.”

“तुम्हाला काय ठावं?” त्यांनी रागानं नाही, अगदी खरंच विचारलं.

पडद्यावर नवीन नाव आलं होतं आणि यंत्र वाजत होतं. ती म्हणाली, “मला तसं वाटतं.”

“हां,” सावळीराम म्हणाले. “वाटायलाच लागतं.” मग बस आली म्हणून त्यांनी फोन ठेवला. संपदानं यंत्राचा आवाज बंद केला आणि पुढचा कप घेतला.